गुंजन, ओंकार आणि नामजप: ध्यानात आवाजाचा उपयोग कसा करावा

एका साधकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले वर्षभर ते रोज सकाळी श्वासावर लक्ष ठेवून ध्यानाला बसतात, परंतु मन दोन-चार श्वासांपलीकडे टिकत नाही. मध्यंतरी त्यांनी बैठकीच्या सुरुवातीला भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखे गुंजन, आणि ओंकार करायला घेतला. आवाज चालू असेपर्यंत मन शांत असते आणि तो थांबला की पुन्हा पूर्वीसारखेच धावू लागते. भ्रामरीनंतर कधी कधी गरगरतेही. आवाज काढत बसणे म्हणजे ध्यान नव्हे, तो केवळ आधार आहे, असे एका ज्येष्ठ परिचिताने सांगितल्यामुळे त्यांच्या मनात संभ्रम निर्माण झाला आहे. आवाज करावा की नाही, करावा तर किती मोठ्याने, किती वेळ, आणि तो सोडायचा केव्हा, असे त्यांचे विचारणे आहे.

आधार घेण्यात कोणताही कमीपणा नाही, हे आधी स्पष्टपणे सांगतो. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात प्रणव, म्हणजे ओंकार, हा ईश्वराचा वाचक आहे असे म्हणून लगेच पुढच्या सूत्रात त्याचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना हा अभ्यास सांगितला आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात यज्ञांमध्ये जपयज्ञ ही भगवंतांनी स्वतःची विभूती म्हणून सांगितली आहे. इतक्या मोठ्या परंपरेने जे साधन पुढे केले, त्याला दुय्यम ठरवण्याची घाई आपण करू नये. मात्र आपल्या प्रश्नातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: आवाज थांबला की मन धावते. याचा अर्थ आपला आवाज एकदम संपतो आणि आपले लक्षही त्याच क्षणी संपते. आवाज आणि शांतता यांच्या मधला जो भाग आहे, तिथे आपण थांबतच नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे जप किंवा गुंजन यांचा ध्यानासाठी खरा उपयोग याच मधल्या भागात होतो आणि नेमका तोच भाग बहुतेक वर्गांमध्ये शिकवला जात नाही.

आवाजाने मन शांत का होते, याची कारणे समजून घेतली तर पुढचा अभ्यास सोपा जातो. पहिले कारण श्वासाचे आहे. आवाज उच्छ्वासावरच निघतो, त्यामुळे म्हणणारा माणूस नकळत उच्छ्वास लांबवतो आणि श्वासांची गती कमी होते. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती त्या काळापुरती मंदावते, कारण त्या वेळी हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढलेला असतो. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 23 निरोगी व्यक्तींना एकदा लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणायला लावला होता. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. तरी दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत खाली आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक संवेदनक्षम झाली. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की परंपरेने ठरवलेली मंत्रांची लांबी श्वासाच्या लयीशी किती जुळलेली आहे हे त्यातून दिसते. समर्थांच्या परंपरेतला ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र घाई न करता एका उच्छ्वासात म्हणून पाहावा, म्हणजे हीच गोष्ट आपल्यालाही जाणवेल.

दुसरे कारण नाक आणि चेहऱ्याच्या हाडांमधील पोकळ्यांचे आहे. या पोकळ्यांमध्ये, म्हणजे सायनसमध्ये, नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. तोंड मिटून गुंजन केले असता नाकातली हवा कंप पावते आणि पोकळ्यांमधील हवेची नाकातील हवेशी देवाणघेवाण झपाट्याने वाढते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी 2002 मध्ये दाखवले, की शांत उच्छ्वासाच्या तुलनेत गुंजन करताना नाकातून बाहेर पडणाऱ्या या वायूचे प्रमाण सुमारे पंधरा पट होते. हा निष्कर्ष अलीकडे सर्वत्र सांगितला जातो आणि त्यावरून भ्रामरीने अमुक रोग बरे होतात असे दावेही केले जातात. तो प्रयोग लहान होता आणि त्यात मोजले गेले ते वायूचे प्रमाण. रोग बरा होणे नव्हे. ध्यानासाठी बसणाऱ्याने या आकड्यात अडकून पडू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या संस्थेतील 2011 च्या प्राथमिक अभ्यासाबद्दलही मी हेच म्हणेन. ओंकार म्हणताना मेंदूच्या भावनांशी निगडित भागांतील सक्रियता कमी झालेली दिसली आणि ‘स्स्’ असा आवाज तितकाच वेळ काढला असता तसे दिसले नाही, ही निरीक्षणे उत्साह वाढवणारी आहेत. परंतु सहभागी व्यक्ती मोजक्याच होत्या. आपल्या बैठकीत काय घडते ते पाहायला या अभ्यासांची परवानगी लागत नाही आणि त्यांच्या भरवशावर बैठक टाळूनही चालत नाही.

तिसरे कारण मला स्वतःला सर्वांत मोठे वाटते. मनाला धरायला एक अशी गोष्ट मिळते, जी आपणच निर्माण करतो, आपणच ऐकतो आणि जी अंगात जाणवतेही. श्वास फार सूक्ष्म असतो. नवशिक्याचे लक्ष त्यावरून केव्हा घसरले हे त्याचे त्यालाच कळत नाही. गुंजनाचे तसे नाही. लक्ष सुटले की आवाज डळमळतो, सूर खाली पडतो, कंप एका बाजूला सरकतो. चूक तत्काळ ऐकू येते.

आता भ्रामरीकडे येतो. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत पूरक, म्हणजे श्वास आत घेणे, वेगाने आणि भुंग्यासारखा आवाज करत, तर रेचक, म्हणजे श्वास सोडणे, भुंगीसारखा मंद आवाज करत सांगितला आहे. घेरंडसंहितेत मध्यरात्र उलटल्यावर, प्राण्यांचाही आवाज येत नाही अशा ठिकाणी, हातांनी कान बंद करून आतला नाद ऐकायला सांगितले आहे. आज आपण जी भ्रामरी शिकतो ती या दोहोंचे मिश्रण असून तिच्यात पूरक बहुधा निःशब्द ठेवलेला असतो. ध्यानासाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. आवाजी पूरकाने घशाला कोरड पडते आणि नवशिक्याचा श्वास विनाकारण जोराचा होतो.

बसल्यावर प्रथम पाठीचा कणा सरळ, हनुवटी किंचित आत आणि खांदे सैल आहेत याची खात्री करावी. ओठ नुसते टेकलेले असावेत, दाबलेले नव्हेत. आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढे अंतर असावे. या अंतराचे महत्त्व सांगून कळत नाही, करून कळते. दात मिटून ‘म्’ म्हणून पाहावे, आणि मग तोच स्वर तसाच चालू ठेवून जबडा किंचित सैल सोडावा; घशात कोंडलेला आवाज त्याच क्षणी गालफडांत, नाकाच्या दांड्यात आणि टाळूवर पसरतो. जिभेचे टोक खालच्या दातांमागे आरामात टेकलेले असू द्यावे. जीभ आक्रसून मागे ओढली गेली तर आवाज पुन्हा घशात जातो.

स्वर कोणता लावावा हा प्रश्न हटकून विचारला जातो, विशेषतः गाण्याची ओळख असलेल्यांकडून. कोणी काही सांगत असताना आपण तोंड न उघडता ‘हं’ असा होकार देतो. त्या ‘हं’चा जो स्वर असतो तोच आपला सहज स्वर होय. तिथूनच सुरुवात करावी आणि दोन-तीन आवर्तनांनंतर आवाज आपोआप किंचित खाली उतरत असेल तर उतरू द्यावा. गायक पहाटे खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या स्वरांचा, अभ्यास करतात, तसा खर्ज गाठण्याचा प्रयत्न येथे करू नये. त्यांचा हेतू आवाज कमावण्याचा असतो, आपला हेतू आवाजामागून आत जाण्याचा आहे. समूहात बसताना मात्र तानपुऱ्याचा स्वर लावून ठेवणे फार उपयोगी पडते. सगळे एका स्वरावर स्थिरावले की कोणालाही जोर लावावा लागत नाही. तानपुरा ॲपवरचा असला तरी चालेल.

कानांबद्दल एक सूचना अगत्याची आहे. बोट किंवा अंगठा कानाच्या छिद्रात खुपसायचा नसतो. छिद्रासमोर कूर्चेचा जो लहानसा उंचवटा आहे, तो अलगद आत दाबला की कान बंद होतो. षण्मुखी मुद्रेत उरलेली बोटे डोळे, नाक आणि ओठ यांवर येतात. तिथे डोळ्यांच्या बुबुळांवर दाब पडता कामा नये, बोटे फक्त पापण्यांच्या कडेला टेकवावीत. प्रत्येक आवर्तनात मुद्रा लावायलाच हवी असेही नाही. हात उंचावून ठेवल्याने ज्यांचे खांदे दुखतात, त्यांनी पहिली दोन-तीन आवर्तने कान बंद करून करावीत आणि पुढची हात मांडीवर ठेवून.

गरगरण्याचे कारण बहुतेक वेळा आवाजात नसते, दोन आवाजांच्या मध्ये असते. माणूस गुंजन शेवटच्या थेंबापर्यंत ताणतो, पोट आत खेचून उरलासुरला श्वास पिळून काढतो आणि मग धाप लागल्यासारखा मोठा, झटक्याचा श्वास घेतो. असे सहा-सात वेळा झाले की गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर होते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोके हलके होते. काही जण या हलकेपणालाच ध्यान लागले असे समजतात, आणि ही समजूत घातक आहे. आपण पुढच्या वेळी एवढेच करावे: श्वास थोडा शिल्लक असतानाच गुंजन थांबवावे, उरलेला श्वास नाकातून निःशब्द जाऊ द्यावा आणि पुढचा पूरक घ्यायचा नाही, येऊ द्यायचा. तो शांतपणे आला नाही तर गुंजन जास्त लांबले असे समजून पुढचे आवर्तन आखूड करावे. इतके करूनही गरगरणे राहिले तर बैठक थांबवून डॉक्टरांना दाखवावे. कानाच्या आतल्या भागाचे किंवा रक्तदाबाचे कारण असू शकते.

ओंकाराची रचना भ्रामरीपेक्षा अधिक श्रीमंत आहे. ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणात अकार म्हणजे गणेशाचे चरण, उकार म्हणजे विशाल उदर आणि मकार म्हणजे मस्तकाचे महामंडल असे रूपक आले आहे. मराठी साधकाला हे रूपक म्हणजे उच्चाराचा नकाशाच आहे. तोंड मोकळे उघडून ‘अ’ म्हटले की कंप पोट-छातीच्या भागात जाणवतो, ओठ गोल होत ‘उ’कडे गेले की तो छाती-कंठात येतो आणि ओठ मिटून ‘म’ झाला की तो मस्तकात भरतो. हा प्रवास सलग व्हावा, तीन वेगळे तुकडे पडू नयेत. मकार किती लांबवावा याबद्दल निरनिराळ्या परंपरांचे निरनिराळे संकेत आहेत. ध्यानाच्या आधी म्हणायच्या ओंकारात मकार हा अकार-उकारांच्या एकत्रित काळाच्या निदान दुप्पट असावा, असे मी सांगतो. कारण उघड्या स्वरांत श्वास भराभर संपतो आणि मिटलेल्या मकारात तो पुरतो.

ओंकार मोठ्याने म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. आमच्या वर्गात एक निवृत्त मुख्याध्यापक येत असत. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा त्यांचा आवाज ओंकारातही तसाच लागे. मानेवरची शीर फुगलेली, भुवया आक्रसलेल्या आणि दहाव्या आवर्तनाला घसा बसलेला. त्यांना आवाज कमी करा असे सांगून उपयोग झाला नाही, कारण कमी आवाज त्यांना अपुरा वाटे. मग त्यांना उजव्या हाताचे मधले बोट नाकाच्या दांड्यावर, हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे टेकवायला सांगितले आणि बोटाला कंप जाणवेल एवढाच आवाज करायचा, असा नियम घातला. मोठ्या आवाजात बोटाला जवळपास काही जाणवेना. ते हळूहळू खाली येत गेले आणि शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजाला बोट स्पष्ट थरथरू लागले. त्यानंतर त्यांनी कधी जोर लावला नाही. आपणही हा प्रयोग करून पाहावा. सदनिकेत राहणाऱ्यांना शेजाऱ्यांची जी चिंता असते, तीही याने सुटते.

आता मूळ मुद्दा. ध्यानबिंदू उपनिषदात प्रणवाला तेलाच्या अखंड धारेची आणि दीर्घकाळ घुमणाऱ्या घंटानादाची उपमा दिली आहे, आणि त्याचे टोक उच्चारता न येणारे आहे असे म्हटले आहे. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचे. तेही अ, उ, म या तीन मात्रांनंतर चौथे जे सांगते ते मात्रारहित, म्हणजे न उच्चारलेले आहे. तत्त्वज्ञानाची खोली बाजूला ठेवली तरी यातून एक अगदी व्यावहारिक सूचना मिळते, ती अशी की ओंकार ओठांचा आवाज संपला तिथे संपत नाही. मंदिरातली घंटा वाजवून तिथेच उभे राहिले तर टोला संपल्यावरही नाद चालू असतो. तो कमी कमी होत जातो आणि नेमका कोणत्या क्षणी संपला हे सांगता येत नाही. ते सांगता येत नाही म्हणूनच ऐकणारा शेवटपर्यंत ऐकत राहतो. मकाराचा शेवट असा करायला शिकणे हा या साधनेचा गाभा आहे.

त्यासाठी शेवटच्या पाच-सहा आवर्तनांत आवाज टप्प्याटप्प्याने कमी करत जावे. पहिले आवर्तन नेहमीच्या आवाजात. दुसऱ्यात मकार सुरू झाल्यावर तो असा विरत न्यावा, की शेवटी आवाज आहे की नुसता श्वास आहे असा संभ्रम पडावा. तिसऱ्यात संपूर्ण आवर्तनच दबक्या आवाजात. चौथ्यात ओठ मिटलेलेच ठेवून केवळ स्वतःला ऐकू येईल इतके गुंजन. त्यापुढच्या आवर्तनात उच्छ्वास तितकाच लांब आणि तितकाच सावकाश सोडावा, मात्र आवाज मुळीच करू नये. आवाज करत असताना कंप जिथे जाणवत होता त्याच जागी लक्ष ठेवावे. तिथे थोडी झिणझिण, थोडी ऊब किंवा नुसती जागरूकता उरलेली असते. ती क्षीण होत जाईल तसतसे ऐकणे अधिक बारीक करावे. मन सुटले, आणि ते सुटेलच, तर एकच मंद गुंजन करून पुन्हा त्याच उतारावरून खाली यावे. पहिल्यापासून सगळे सुरू करण्याची गरज नाही.

येथे बहुतेकांची गल्लत होते ती घाईमुळे. शेवटचा ओंकार संपताच तळहात चोळून डोळ्यांवर ठेवणे, शांतिमंत्र म्हणणे, उठणे असा क्रम अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. पेरणी करून शेतातून लगेच निघून यावे तसे हे होते. आवाजाला जितका वेळ दिला, निदान तितकाच वेळ त्यानंतरच्या शांततेला द्यावा, आणि अभ्यास वाढेल तसा आवाजाचा वाटा कमी करून शांततेचा वाढवावा. अर्ध्या तासाच्या बैठकीत सुरुवातीला पाच-सात भ्रामरी, सात-आठ ओंकार, वर सांगितलेला उतार आणि उरलेला वेळ निःशब्द बसणे, एवढे पुरेसे आहे.

नामजपाची वाट थोडी वेगळी असली तरी दिशा हीच आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जपाचे तीन प्रकार मानून उपांशु जप हा उघड जपाहून आणि मानस जप त्याहूनही श्रेष्ठ ठरवला आहे. उपांशु जपात ओठ व जीभ हलतात, परंतु शेजारी बसलेल्याला ऐकू जात नाही. मानस जपात काहीच हलत नाही, निदान हलू नये. वर्षानुवर्षे मानस जप करणाऱ्यांनीही एकदा आपल्या जिभेच्या मुळाशी लक्ष नेऊन पाहावे. प्रत्येक अक्षरागणिक तिथे अगदी बारीकशी हालचाल होत असते, कधी कधी कंठही वर-खाली होतो. ही हालचाल बळाने थांबवायला गेलात तर जबडा आवळला जातो आणि जप खुंटतो. तिच्याकडे नुसते पाहत राहिल्यास काही दिवसांत ती आपोआप ओसरते, आणि नाम म्हटले जाण्याऐवजी ऐकले जात आहे असे वाटू लागते. वैखरीतून, म्हणजे उच्चारलेल्या वाणीतून, मध्यमेकडे, म्हणजे मनातल्या वाणीकडे जाणे असे जे आपल्याकडे म्हणतात, त्याची ही अगदी पहिली आणि कोणालाही पडताळून पाहता येईल अशी खूण आहे. त्यापुढच्या पश्यंती आणि परा या वाणींबद्दल लिहिण्याचा अधिकार ज्यांचा आहे त्यांनी लिहिले आहे.

आपल्या मराठी परंपरेत नामाचा भर श्रेष्ठ-कनिष्ठतेपेक्षा अखंडतेवर अधिक आहे. गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) आयुष्यभर हेच सांगितले, की कामधंदा सोडून नव्हे तर तो करता करता नाम घ्यावे. वारीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या ठेक्यात ‘रामकृष्णहरी’ किंवा ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणत चालणाऱ्या दिंडीत प्रत्येक जण श्वास मोजत नसतो, तरी पाऊल, ठेका आणि नाम एकमेकांत बसलेले असतात. दिंडीत काही कोस चालल्यावर मुक्कामी पाठ टेकली की कानांत तो ठेका आपोआप चालू असतो, हा अनुभव अनेक वारकरी सांगतात. तो वाया घालवू नये. कोणी म्हणत नसताना नाम ऐकू येत आहे, तर त्या वेळी स्वस्थ पडून तेच ऐकावे; वेगळे ध्यान लावायला जाऊ नये.

माळ वापरावी का, याचे उत्तर माणसागणिक बदलते. मण्याचा स्पर्श काहींना जागे ठेवतो. काहींचे सगळे लक्ष माळ पूर्ण करण्यात जाते आणि शेवटच्या पंचवीस मण्यांना वेग दुप्पट होतो. आपला वेग वाढतो आहे असे आढळले तर माळ काही दिवस बाजूला ठेवून एका श्वासाला एकदा, एवढ्याच मापाने जप करावा.

हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान, म्हणजे आतल्या नादावर लक्ष लावणे, सविस्तर आले आहे: आधी समुद्र, मेघ, भेरी यांसारखे मोठे नाद, मग शंख-घंटेसारखे, शेवटी किंकिणी, बासरी, वीणा, भ्रमर यांसारखे सूक्ष्म. गुंजनानंतरच्या शांततेत काहींना असे काही ऐकू येते, पुष्कळांना येत नाही. यादी पाठ करून त्या क्रमाने नाद शोधत बसणे व्यर्थ आहे. शोधणाऱ्याला मन हवे ते ऐकवते. आलेल्या नादातही मोठ्याकडून सूक्ष्माकडे जायचे, एवढाच त्यातला उपदेश घ्यावा. ज्यांच्या कानात आजारामुळे सतत शिट्टीसारखा आवाज येतो, त्यांनी तो नाद समजू नये आणि कानाच्या तज्ज्ञांना दाखवावे. ज्यांना मानसिक आजारामुळे आवाज ऐकू येतात किंवा पूर्वी येत असत, त्यांनी नादानुसंधान करू नये. त्यांच्यासाठी डोळे उघडे ठेवून, सोबतीला कोणी असताना मोठ्याने नामस्मरण किंवा भजन अधिक सुरक्षित आहे, आणि तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून. आकडीचा त्रास असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब बैठक करू नये. कान वाहत असेल तर कान बंद करायची मुद्रा टाळावी. सर्दीने नाक पूर्ण चोंदले असेल तर त्या दिवशी गुंजन सोडून मानस जप करावा. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी श्वास रोखून धरू नये. साधे, आखूड गुंजन त्यांना सहसा मानवते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रातले पुष्कळ साधक इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेचे शिबिर करून आलेले असतात. तिथे दहा दिवसांत कोणताही मंत्र किंवा जप श्वासासोबत जोडू नये असे स्पष्ट सांगितले जाते, कारण त्या पद्धतीत श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो आणि संवेदनाही आपण निर्माण न करता पाहायच्या असतात. गुंजनात आपण श्वास लांबवतो आणि कंपही निर्माण करतो. दोन्ही वाटा आपापल्या जागी पूर्ण आहेत, परंतु एका बैठकीत त्यांची सरमिसळ केली तर दोन्हींचा लाभ जातो. आपण श्वास पाहण्याची पद्धत शिबिरात शिकला असाल तर एकतर ती तशीच शुद्ध करावी, किंवा काही महिने नादाच्या वाटेने जावे. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी अशी विभागणीही चालते.

राहता राहिला आवाज सोडायचा केव्हा हा प्रश्न. त्यासाठी महिने-वर्षांचा हिशेब ठेवू नये. शेवटच्या निःशब्द आवर्तनानंतर लक्ष काही श्वास सहज टिकू लागले की पुढच्या बैठकीत एक भ्रामरी कमी करावी. दिवस दगदगीचा गेला, झोप अपुरी झाली, घरात काही अप्रिय घडले, तर ती परत घ्यावी आणि त्याला घसरण समजू नये. एखाद्या दिवशी ओंकारासाठी पूरक घेतला जाईल आणि आवाज करावासाच वाटणार नाही. त्या दिवशी करू नये. तोपर्यंत उद्याच्या बैठकीत फक्त दोन बदल करावेत: गुंजन श्वास थोडा शिल्लक असताना थांबवावे, आणि शेवटचा मकार कुठे संपला ते ऐकू येईनासे होईपर्यंत बैठक मोडू नये.